जुना फोन परत घेण्यापूर्वी ग्राहकाला तीन दिवसांचा अवधी मिळावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवापासून दिवाळीपर्यंतच्या खरेदीच्या काळात अनेक कुटुंबे जुना स्मार्टफोन एक्स्चेंजमध्ये देतात आणि त्याची किंमत नव्या फोनच्या किमतीतून वळती करून घेतात. या व्यवहाराबद्दल माझी तक्रार नाही. जुनी वस्तू कोणाच्या तरी उपयोगी पडावी आणि आपले चार पैसे वाचावेत, यात गैर काहीच नाही. माझा आक्षेप आहे तो या व्यवहाराच्या वेळेबद्दल. ऑनलाइन खरेदीत नवा फोन घेऊन येणारा माणूस बहुधा त्याच भेटीत जुना फोन घेऊन जातो, आणि तो देण्यापूर्वी त्यातील सर्व माहिती पुसलेली, स्क्रीन लॉक काढलेले आणि गूगल किंवा ॲपलचे खाते हटवलेले असावे, अशी अट असते. म्हणजे नव्या फोनचे खोके उघडण्याआधीच जुना फोन कोरा करावा लागतो. एका फोनमधील माहिती दुसऱ्यात न्यायची तर दोन्ही फोन काही तास शेजारी शेजारी चालू असावे लागतात, ही साधी गोष्ट ही पद्धत ठरवताना कोणी विचारात घेतलेली दिसत नाही.

आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघात फोनच्या अडचणी सोडवण्यासाठी आम्ही काही सेवानिवृत्त मंडळी ठरलेल्या दिवशी बसतो. सणानंतर तिथे येणाऱ्यांचे प्रश्न जवळपास एकाच प्रकारचे असतात. नवा फोन उत्तम चालतो आहे, पण जुन्यातले काही आले नाही. घरी शिवणकाम करणाऱ्या एका भगिनींनी गिऱ्हाइकांची मापे आणि ब्लाउजच्या गळ्यांचे नमुने व्हॉट्सॲपवरच ठेवले होते. कोणाचे माप कोणत्या संभाषणात आहे हे त्यांना पाठ होते, वेगळी वही कधी लागलीच नव्हती. फोन बदलल्यावर ती संभाषणे गेली आणि ऐन लग्नसराईच्या तोंडावर त्यांना एकेका गिऱ्हाइकाला पुन्हा माप द्यायला बोलवावे लागले. टेम्पोचा व्यवसाय करणाऱ्या एका गृहस्थांचे सगळे क्रमांक गूगल खात्यात नव्हे, तर फोनच्या मेमरीत साठवलेले होते आणि हे त्यांना क्रमांक गेल्यावर समजले. नवा क्रमांक साठवताना फोन, सिम की गूगल खाते, असे पर्याय येतात, पण त्या निवडीवर पुढे किती काय अवलंबून आहे, हे त्या वेळी कोणीच सांगत नाही. दिवंगत आईवडिलांचे आवाजी निरोप गमावलेले लोकही येतात. त्यांना काय सांगावे, हे आम्हाला कळत नाही.

सर्वांत जास्त नुकसान व्हॉट्सॲपचे होते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. ईमेल नव्या फोनवर उघडले की जुनी सगळी पत्रे दिसतात, कारण ती कंपनीच्या सर्व्हरवर असतात. व्हॉट्सॲपची संभाषणे मात्र पोहोचल्यानंतर आपल्या फोनमध्येच राहतात. हा फरक ठाऊक नसल्यामुळे बहुतेक जण निर्धास्त असतात. अँड्रॉइड फोनवर या संभाषणांचा बॅकअप, म्हणजे जपून ठेवलेली दुसरी प्रत, गूगल खात्यात घेता येतो आणि आयफोनवर तो आयक्लाउड या ॲपलच्या इंटरनेटवरील साठवणीत जातो, पण त्यात व्हिडिओ हवे असतील तर तो पर्याय वेगळा सुरू करावा लागतो. तो बॅकअप परत आणण्यासाठी नव्या फोनवर तोच मोबाइल क्रमांक आणि तेच खाते लागते. शिवाय जुनी संभाषणे परत आणायची का, हा प्रश्न ॲप प्रथम सुरू करतानाच विचारला जातो. घाईत तो टाळला गेला, तर ॲप काढून पुन्हा टाकल्याशिवाय तो प्रश्न समोर येत नाही. ज्यांनी २०२१ पासून उपलब्ध असलेले बॅकअपचे एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी कुलूपबंदी) सुरू करून त्यासाठी पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली ठेवली आहे, त्यांच्याकडून ती हरवली तर बॅकअप समोर असूनही उघडत नाही.

याहून चांगली सोय व्हॉट्सॲपने २०२३ मध्ये दिली. सेटिंग्जमधील चॅट्स या भागात संभाषणे स्थलांतरित करण्याचा पर्याय आहे. नव्या फोनवर दिसणारा क्यूआर कोड जुन्या फोनने स्कॅन केला की संभाषणे, फोटो आणि जोडलेल्या फाइल थेट एका फोनमधून दुसऱ्यात जातात, त्यासाठी क्लाउडमध्ये, म्हणजे इंटरनेटवरील साठवणीत, जागा असण्याची गरज राहत नाही. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणाऱ्यांना २०२२ पासून ‘मूव्ह टू आयओएस’ या ॲपमधून व्हॉट्सॲपही नेता येते. मात्र त्यासाठी आयफोन पहिल्यांदा सुरू करण्याच्या टप्प्यावर असावा लागतो आणि तो आधीच वापरायला घेतला असेल तर रिसेट करावा, म्हणजे सर्व पुसून पुन्हा कोरा करावा लागतो. सॅमसंगचे स्मार्ट स्विच, शाओमीचे मी मूव्हर, विवोचे ईझीशेअर ही ॲपेही फोटो, क्रमांक, एसएमएस आणि फाइल नेण्याचे काम चोख करतात. या सर्व थेट स्थलांतराची पहिली अट एकच आहे. जुना फोन त्यातील माहितीसह, चालू स्थितीत, नव्याच्या शेजारी असला पाहिजे. एक्स्चेंजच्या आजच्या पद्धतीत नेमकी हीच अट पूर्ण होऊ शकत नाही.

यावर कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते, की ग्राहकाने आधीच क्लाउडवर बॅकअप घेऊन ठेवावा. ते पुरेसे नाही. गूगल प्रत्येक खात्याला १५ जीबी जागा विनामूल्य देते आणि त्यातच जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो हे सर्व बसवावे लागते. १ जून २०२१ पूर्वी थोड्या कमी दर्जाचे फोटो कितीही साठवता येत. त्यानंतर साठवलेले फोटो या १५ जीबीमध्ये धरले जाऊ लागले आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजला जाऊ लागला. आयक्लाउडची विनामूल्य जागा तर अवघी ५ जीबी आहे. आज साधा फोनही १२८ जीबीचा मिळू शकतो. नातवंडांचे फोटो, सत्संगाचे व्हिडिओ, सोसायटीच्या सभांची ध्वनिमुद्रणे यांनी तो निम्मा भरलेला असेल, तर १५ जीबीमध्ये काय काय मावणार? दरमहा पैसे भरून जागा वाढवता येते, हे मला मान्य आहे, परंतु एकदाच फोन बदलण्यासाठी निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाने कायमची वर्गणी सुरू करावी, ही अपेक्षा रास्त नाही. येथे ॲपलची एक चांगली गोष्ट नमूद करतो. नवा आयफोन घेणाऱ्यास जुन्यातील माहितीचा बॅकअप घेता यावा म्हणून ती कंपनी आयक्लाउडमध्ये हवी तेवढी तात्पुरती जागा २१ दिवसांपर्यंत विनामूल्य देते. अडचण खरी आहे, हे एका मोठ्या कंपनीने अशा रीतीने मान्यच केले आहे. ही मुभा अँड्रॉइड वापरणाऱ्या बहुसंख्यांना मिळत नाही.

रिसेट केलेल्या फोनमधील माहिती एखाद्या जाणकाराकडून परत काढून घेता येईल, असा समज फार पसरलेला आहे. अलीकडच्या फोनमध्ये सर्व माहिती एन्क्रिप्ट करूनच साठवली जाते आणि रिसेट करताना ती उघडणारी किल्ली नष्ट होते. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे उत्तमच आहे, कारण जुना फोन पुढे कोणाच्या हाती जाईल ते आपल्याला माहीत नसते. मात्र याचाच दुसरा अर्थ असा, की दारात उभ्या असलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचे नाही म्हणून घाईत दाबलेले ते एक बटण मागे घेता येत नाही. डिलिव्हरी करणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या पुढच्या फेऱ्या ठरलेल्या असतात आणि थांबण्याची मुभा त्यांना दिलेलीच नसते.

पैशांच्या ॲपचे काम वेगळ्या रीतीने चालते. यूपीआयमध्ये आपला क्रमांक आणि आपला फोन एकमेकांशी बांधलेले असतात. बँकेत नोंदवलेले सिम नव्या फोनमध्ये घालून तिथून एसएमएस गेल्याशिवाय नोंदणी होत नाही, आणि नोंदणी झाल्यावरही सुरुवातीला पाठवण्याच्या रकमेवर मर्यादा येऊ शकते. फसवणूक टाळण्यासाठी ही बंधने आवश्यकच आहेत. म्हणूनच हा बदल कोणत्या दिवशी करायचा, हे ग्राहकाला ठरवता आले पाहिजे. घरातील कोणाला दवाखान्यात दाखल केलेले असताना फोनची डिलिव्हरी आली, म्हणून त्याच दिवशी ही उलथापालथ का करावी? शेअर व्यवहाराच्या किंवा कार्यालयीन खात्यांसाठी ऑथेंटिकेटर ॲपमधून सहा अंकी सांकेतिक क्रमांक घेणाऱ्यांची अडचण याहून मोठी असते. गूगल ऑथेंटिकेटरने २०२३ मध्ये हे सर्व खात्याशी जोडून ठेवण्याची सोय दिली, पण ती सुरू केलेली नसेल तर ते नव्या फोनवर नेण्यासाठी जुन्या फोनवरचा क्यूआर कोड लागतो. एम-आधारही एका वेळी एकाच फोनवर चालू राहते. डिजीलॉकरमधील कागदपत्रे मात्र फोनमध्ये नसतातच, त्यामुळे त्यांची काळजी करण्याचे कारण नाही.

आपल्या देशात ग्राहकाला असा आधार यापूर्वी मिळालेला आहे. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइल क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय झाली, ती कंपन्यांच्या सद्भावनेने नव्हे, तर नियमामुळे. माहितीच्या बाबतीत तसे घडता घडता राहिले. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये दिलेल्या मसुद्यात आपली माहिती एका सेवेकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क होता, २०१९ च्या विधेयकातही तो राहिला, पण २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तो नाही. युरोपीय संघाच्या नागरिकांना तो हक्क मे २०१८ पासून आहे. तो हक्क आपल्याकडे असता तरी एक्स्चेंजचा प्रश्न आपोआप सुटला नसता, हे मी जाणतो. तरीही आपली माहिती सोबत नेता येणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे, एवढे तरी कायद्याच्या भाषेत नोंदले गेले असते.

माझी मागणी त्या मानाने लहान आहे. नवा फोन पोहोचवल्यानंतर किमान तीन दिवसांनी जुना फोन घेऊन जावा आणि हा पर्याय प्रत्येक ऑनलाइन विक्रेत्याने खरेदीच्या वेळीच द्यावा. ग्राहकाने सवलत घेतली आणि जुना फोन दिलाच नाही तर काय, ही विक्रेत्यांची शंका योग्य आहे, पण तिचे उत्तरही उपलब्ध आहे. शेअर बाजारात नव्या समभागांसाठी अर्ज करताना रक्कम खात्यातच राहते आणि यूपीआयद्वारे ती अडवून ठेवली जाते. सामान्य गुंतवणूकदारांना ही सोय २०१९ पासून मिळते आहे. त्याच रीतीने एक्स्चेंजची रक्कम तीन दिवस अडवून ठेवता येईल आणि जुना फोन तपासून ताब्यात घेतला की ती मोकळी करता येईल. मधल्या काळात फोनची काच फुटली तर ती रक्कम कमी करण्याची अट घालावी, त्याला कोणाची हरकत असणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधला आहे, ई-कॉमर्सचे नियम २०२० मधले आहेत आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अस्तित्वात आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने या नियमांत एवढी एक तरतूद जोडावी.

दुकानात जाऊन फोन बदलणाऱ्यांची स्थिती थोडी बरी असते, कारण तिथे दोन्ही फोन समोर असतात. पण फोन आणि त्याचा पिन दुकानात ठेवून ‘संध्याकाळी न्या’ असे सांगितले जाते, ते स्वीकारू नये. आपले बँकेचे ॲप, खासगी फोटो आणि ओटीपी येणारा क्रमांक हे सर्व त्या काही तासांसाठी अनोळखी हाती असते. दुकानदारांनी ग्राहकाला समोर बसवून हे काम करावे, हवे तर त्याचे शुल्क आधी सांगून घ्यावे.

नियम होईपर्यंत ज्यांना शक्य असेल त्यांनी खरेदी करताना एक्स्चेंज निवडूच नये, नवा फोन घेऊन सर्व काही नीट आले याची खात्री करावी आणि मगच जुना फोन विकावा. किंमत थोडी कमी येईल, हे गृहीत धरावे. एक्स्चेंज करायचेच असेल, तर निदान क्रमांक गूगल खात्यात गेले आहेत का, हे दुसऱ्या कोणाच्या संगणकावर ते खाते उघडून पाहावे, फोटो आणि व्हिडिओ तारेने संगणकावर किंवा फोनला थेट जोडता येणाऱ्या ओटीजी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावेत आणि व्हॉट्सॲपच्या बॅकअपची तारीख त्याच दिवसाची आहे ना, ते बघावे. जुना फोन तत्काळ देण्याची सक्ती झाल्यामुळे ज्यांचे नुकसान झाले आहे, त्यांनी खरेदीच्या अटींचे छायाचित्र काढून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. अशा तक्रारी लेखी नोंदीत आल्या, तरच संबंधित विभागाला या प्रश्नाची दखल घ्यावी लागेल.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक