आत गेलेला धातू बाहेर आला पाहिजे

चेंबूर, मुंबई

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू इतक्या उत्साहाने बोलत होतीस की मध्ये तोडावंसं वाटलं नाही. मँगनीजचं नवं संयुग जमलं, रिलॅक्सिव्हिटी (चित्र उजळ करायची ताकद) चांगली आली, प्रोफेसर खूश आहेत. फार आनंद झाला. आईने तर फोन ठेवल्या ठेवल्या शेजारच्या काकूंना सांगितलं की सई एमआरआयचं नवं औषध काढतेय. पण त्या बोलण्यात एक गोष्ट राहून गेली. फोनवर ती घाईत सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहायला बसलोय. जरा लांबेल, सवडीने वाच.

तुझं संयुग किती उजळ दिसतं ते तू सांगितलंस. शरीरातून ते किती वेळात आणि किती पूर्णपणे बाहेर पडतं, हे काही बोलली नाहीस. माझ्या मते पहिला प्रश्न हाच. धातू टोचून चित्र काढायचं असेल तर तो आत जाताना कसा दिसतो यापेक्षा बाहेर कसा येतो, यावर औषध ठरतं.

मी वाशीला किटवर काम करायचो ते तू लहानपणापासून ऐकत आलीयस, पण आत नेमकं काय चालायचं ते कधी सविस्तर सांगितलं नाही. मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात मूत्रपिंडाच्या रुग्णाला ‘डीटीपीए स्कॅन करून या’ म्हणतात ना, त्याची ती किट. छोटी व्हायल, तळाशी पांढरी पावडर, म्हणजे डीटीपीए (धातूला धरून ठेवणारा रेणू) आणि थोडंसं स्टॅनस क्लोराइड (कथलाचा क्षार), नायट्रोजनखाली सील केलेलं. हॉस्पिटलात जनरेटर नावाच्या उपकरणातून काढलेलं परटेक्नेटेट, म्हणजे किरणोत्सारी टेक्नेशियमचं मोकळं रूप, त्यात घातलं की कथलामुळे टेक्नेशियमचं क्षपण होतं आणि डीटीपीए त्याला पकडतं. व्हायलमध्ये हवा शिरली तर कथील आधीच खराब होतं, टेक्नेशियम मोकळं राहतं, आणि मूत्रपिंड बघायला गेलेल्या डॉक्टरांना गळ्यात थायरॉइड आणि पोटात जठर उजळलेलं दिसतं.

म्हणून तपासणी. क्रोमॅटोग्राफी पेपरची बोटभर रुंद पट्टी घ्यायची, खाली एक थेंब ठेवायचा, ॲसिटोनमध्ये उभी करायची. मोकळं परटेक्नेटेट ॲसिटोनबरोबर वर चढतं, डीटीपीएने धरलेलं खालीच थांबतं. पट्टी मधोमध कापून दोन्ही तुकडे काउंटरवर मोजायचे. वरच्या तुकड्यात आकडा वाढला की ती बॅच बाजूला, मग बाकी सगळं कितीही चांगलं असो. दुसऱ्या पट्टीवर सलाइन, कारण क्षपण होऊनही न पकडलं गेलेलं टेक्नेशियम तिथे तळाशी अडकून राहतं. मोकळं किती, हा एकच प्रश्न आम्ही दोन्ही बाजूंनी विचारायचो.

आता तुझ्या आणि माझ्या कामातला फरक बघ. माझ्या रुग्णाला मिळणारं टेक्नेशियम नॅनोग्रॅममध्ये मोजावं लागे, कारण कॅमेरा त्या अणूतून निघणारे गॅमा किरणच मोजतो. एमआरआय धातूला बघतच नाही, तो पाण्यातल्या हायड्रोजनला बघतो. धातूचं काम शेजारच्या पाण्याला लवकर शिथिल करायचं. एमआरआयच्या औषधांत नेहमी वापरतात त्या गॅडोलिनियमकडे सात एकटे इलेक्ट्रॉन आहेत, भोवती नऊ जागा आहेत. आठ जागा लिगंड, म्हणजे धातूला पकडणारा रेणू, धरतो आणि नववी पाण्यासाठी मोकळी ठेवायची. त्या जागेवर पाण्याचा रेणू येतो, जातो, दुसरा येतो, सेकंदाला लाखो वेळा. इतकी ये-जा असूनही फरक दिसायला डोस भरपूर लागतो. किलोमागे ०.१ मिलिमोल धर, म्हणजे ६० किलोच्या माणसाच्या शिरेत जवळजवळ एक ग्रॅम गॅडोलिनियम गेलं. मोकळं गॅडोलिनियम आकाराने कॅल्शियमच्या इतकं जवळचं की कॅल्शियमच्या वाटा अडवतं. एक ग्रॅममधला हजारावा भाग सुटला तरी तो माझ्या अख्ख्या डोसाच्या कितीतरी पट. म्हणून तुझी पकड माझ्यापेक्षा घट्ट हवी.

तू ज्या बर्लिनमध्ये बसलीयस तिथेच शेरिंग या औषध कंपनीच्या माणसांनी १९८० च्या दशकात गॅडोलिनियमला डीटीपीएत बसवलं. १९८८ मध्ये ते एमआरआयचं पहिलं मान्यताप्राप्त कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उजळवणारं औषध, झालं. हेच डीटीपीए प्लुटोनियम पोटात किंवा फुप्फुसात गेलेल्या माणसाला ते बाहेर काढण्यासाठी देतात. एकच रेणू कुठे धातू आणून सोडायला, कुठे काढून न्यायला. मला हे फार सुंदर वाटतं.

पण पुढे काय झालं तेही आठव. सुरुवातीच्या बऱ्याच औषधांतले लिगंड उघड्या साखळीचे होते. दोरीला मोकळं टोक असलं की गाठ टोकाकडून सुटत जाते; कड्याला टोकच नसतं. डोटासारख्या कड्याच्या लिगंडचं तसं आहे. पकडीच्या स्थिरांकाचे आकडे कागदावर दोन्हींचे मोठेच दिसतात, डीटीपीएचा लॉग २२ च्या आसपास आणि डोटाचा २५ च्या. खरा फरक सुटण्याच्या वेगात आहे. तीव्र आम्लात उघडी साखळी काही सेकंदांत धातू सोडते, डोटाला तिथेही तास लागतात, दिवस लागतात. निरोगी माणसात हा फरक कळतच नाही, कारण दीड-दोन तासांत अर्धं औषध लघवीवाटे निघून जातं. मूत्रपिंडं निकामी असतील तर तेच औषध दिवस दिवस आत फिरतं. रक्तातलं झिंक लिगंडवर हक्क सांगतं, फॉस्फेट सुटलेल्या गॅडोलिनियमला ओढून घेतं.

१९९७ पासून डायलिसिसच्या रुग्णांत त्वचा लाकडासारखी कडक होऊन सांधे आखडल्याचे रुग्ण दिसू लागले. त्याचा गॅडोलिनियमशी संबंध २००६ मध्ये ऑस्ट्रियातल्या एका डॉक्टरांनी जोडला. मधली नऊ वर्षं ती इंजेक्शनं दिली जात होती. २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी वारंवार कॉन्ट्रास्ट घेतलेल्या माणसांच्या मेंदूत त्याचा माग दाखवला, मूत्रपिंडं चांगली असलेल्यांतही. त्याने इजा होते असं सिद्ध झालेलं नाही, पण युरोपने २०१७ मध्ये उघड्या साखळीच्या बहुतेक औषधांचा वापर थांबवला. माझ्या मते ते योग्यच झालं.

प्रभाआत्याचं तू जवळून पाहिलं नाहीस, तेव्हा तू पुण्याला होतीस. तिचं डायलिसिस चालू होतं आणि डॉक्टरांना मणक्याचा कॉन्ट्रास्ट एमआरआय हवा होता. तिथल्या रेडिओलॉजिस्ट बाईंनी आधी विचारलं, पुढचं डायलिसिस कधी? मग त्याच दिवशी दुपारच्या पाळीला नंबर लावून घेतला, कड्याचं औषध वापरायचं ठरवलं, आणि सकाळी टोचून आम्ही तिला तिथून थेट डायलिसिसला नेलं. मशीनचा पंप फिरताना मी घड्याळाकडे नाही, त्या नळ्यांकडे बघत होतो. तुझं औषध बनवताना मनात एक रुग्ण धरायचा असेल तर तो प्रभाआत्यासारखा धर.

आता मँगनीज. ते का घेतलं ते मला पटतं. पाच एकटे इलेक्ट्रॉन, शरीराच्या ओळखीचा धातू, शिवाय काही भाग पित्तावाटे जातो, म्हणजे मूत्रपिंडं थकली तरी एक दार उघडं. पण ‘शरीरात असतोच’ या वाक्यावर विसंबू नकोस. मँगनीजच्या धुळीत काम करणाऱ्यांच्या चालण्या-बोलण्यात कंपवातासारखी लक्षणं दिसतात हे १८३७ मध्येच स्कॉटलंडमध्ये नोंदलं गेलंय. आपल्या भंडारा-नागपूरकडे मँगनीजच्या खाणी आहेत, तिकडच्या लोकांना हा धोका पुस्तकातून शिकावा लागत नाही. आणि पकडीच्या बाबतीत मँगनीज गॅडोलिनियमपेक्षा अवघड. त्याचे पाच इलेक्ट्रॉन पाच कक्षांत एकेक बसलेले, त्यामुळे लिगंडच्या क्षेत्राकडून त्याला जास्तीची स्थिरता मिळत नाही. झिंक त्याला सहज उठवतं.

आणि इथे एक फसवणूक आहे, माझा सगळा जीव या पत्रात त्याच्यासाठी. गॅडोलिनियम सुटलं तर फॉस्फेटमध्ये साका बसतो आणि उजळपणा कमी होतो. गळती झाली की कळते. मँगनीजचं उलट. सुटलेलं मँगनीज सीरममधल्या (रक्तद्रवातल्या) अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटतं, त्या जड रेणूबरोबर संथ फिरतं आणि पाण्यावर आणखी जोरात काम करतं. म्हणजे तुझं संयुग फुटलं तरी सीरममध्ये आकडा वाढू शकतो! तू म्हणालीस की सीरममध्ये अजून चांगलं आलं. ते अल्ब्युमिनला अख्खं चिकटल्यामुळे आलं असेल तर उत्तमच. फुटून आलं असेल तर ती यशाची खूण नाही. निव्वळ रिलॅक्सिव्हिटी मोजून हे दोन वेगळे करता येत नाहीत. एचपीएलसीमधून (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रातून) संयुग वेगळं कर, आयसीपी-एमएसवर (धातू मोजणाऱ्या यंत्रावर) मँगनीज कुठल्या टप्प्याला बाहेर येतंय ते बघ. माझी ॲसिटोनची पट्टी हेच करायची, तुझी यंत्रं जास्त महाग एवढंच.

उजळपणा वाढवायचा दुसरा मोह म्हणजे रेणू मोठा आणि ताठ करणं. फिरणं संथ होतं, आकडा वाढतो, पण मूत्रपिंडाच्या गाळणीतून जायलाही वेळ लागतो. त्यापेक्षा २०२२ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या गॅडोपिक्लेनॉलचा रस्ता मला आवडला. कड्याची पकड ठेवून पाण्याला एकाऐवजी दोन जागा दिल्या, आणि डोस निम्म्यावर आणला. धातू कमी घालणं हीसुद्धा धातू बाहेर काढण्याचीच तयारी.

तुर्भ्याला नोकरीला लागलेल्या आम्हा सगळ्यांना थोरोट्रास्टची गोष्ट सांगायचे. आपल्याकडे अणुऊर्जेसाठी थोरियमचं केवढं कौतुक, म्हणून ती मुद्दाम सांगत असावेत. १९३० च्या दशकात थोरियम डायॉक्साइड रक्तात टोचून रक्तवाहिन्यांचे एक्स-रे काढत. चित्रं अप्रतिम यायची, रुग्णाला त्रास काही नाही. फक्त ते यकृतातून, प्लीहेतून कधी बाहेरच पडलं नाही, आणि वीस-तीस वर्षांनी यकृताचे कॅन्सर आले. टोचणारे डॉक्टर वाईट नव्हते गं. त्यांच्या हातात सुंदर फिल्म होती आणि समोर बरा दिसणारा माणूस.

शरीरातून बाहेर पडल्यावरही गोष्ट थांबत नाही. तुझ्याच बर्लिनच्या पिण्याच्या पाण्यात एमआरआयमधलं गॅडोलिनियम सापडलंय, कारण सांडपाणी शुद्धीकरणात ते अडतच नाही. नदीकाठच्या विहिरींतून ते पुन्हा नळाला येतं. प्रमाण अगदी थोडं आहे, पण मँगनीजवाल्यांनी तेव्हा आपल्या लिगंडचं पुढे काय होतं याचाही विचार करावा असं मला वाटतं.

तेव्हा पुढच्या महिन्यात उंदरांवर जाण्याआधी एवढं कर. झिंक भरपूर जास्त घालून, पीएच ६ ला, ३७ अंशांवर ठेव आणि तासागणिक मोज. मानवी सीरममध्ये निदान दोन-तीन दिवस ठेवून मोकळं आणि धरलेलं वेगळं मोज. उंदरांवर गेलीस की चोवीस तासांनी आणि सात दिवसांनी यकृत, हाड आणि मेंदूतलं मँगनीज बघ, आणि मूत्रपिंडं बिघडवलेला एक गट ठेवायला प्रोफेसरांना सांग. निरोगी उंदीर सगळ्यांनाच पास करतो. वेळ जाईल, पेपर पुढे ढकलला जाईल. जाऊ दे.

झिंकचा आलेख झाला की फोनवर फोटो पाठवू नकोस, पीडीएफ पाठव. अक्षांवरचे आकडे दिसले पाहिजेत. मूळ मोजमापांचा तक्ताही जोड, मी इथे बसून आकडेमोड करून बघतो. गोडा मसाला आणि मेतकूट जाधवांच्या मुलाबरोबर पाठवलंय, तो शुक्रवारी पोचेल. जेवण वेळेवर कर.

तुझा,
बाबा