बांध पेटवण्याआधी वाकून पाहा

उन्हाळा आला की आमच्याकडे बांध पेटवायला सुरुवात होते. परवा शेजारच्या रानातला जाळ विझल्यावर गेलो, तर काळ्या पडलेल्या गवतात तितराची सहा अंडी तडकून पडलेली. मन फार विषण्ण झाले.

बांध म्हणजे वाया गेलेली जागा, असे आपण धरून चाललो आहोत. बोर, बाभूळ, हिवर आणि खाली कुसळी गवत, एवढ्या दोन-तीन हातांच्या पट्ट्यात मुंगूस, सरडे, पिंगळा यांचा संसार चालतो. ज्या उंदरांसाठी आपण विषाच्या गोळ्या विकत आणतो, तेच उंदीर धामण आणि गव्हाणी घुबड फुकटात खातात. मधमाशी नसेल तर कांद्याचे बी कसे भरते, हे बी धरणाऱ्या शेतकऱ्याला विचारा.

सावलीने पीक बारीक राहते, ही तक्रार खरी आहे. त्यासाठी फांद्या छाटाव्यात, पण बुंध्याला हात लावू नये. आणि वीतभर जमिनीसाठी जेसीबी लावून बांध कोरणे तरी थांबवा.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी जैवविविधता समिती आणि नोंदवही आली. त्या नोंदवहीत बांधांवरची जुनी झाडे आणि घरट्यांच्या जागाही लिहाव्यात. ग्रामसभेने बांध न जाळण्याचा ठराव पावसाळ्याआधी करावा, ही कळकळीची विनंती.

— एक शेतकरी, ता. बार्शी, जि. सोलापूर