झाकणभर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर आजीला सांगत होतास, "खेळणारी पोरं कशाच्या नादी लागत नाहीत गं." ऐकून बरं वाटलं, पण पटलं नाही. समोर बसलो की मी भाषण ठोकतो, म्हणून लिहितोय.

तुझ्याएवढा होतो तेव्हा आम्ही अंतिम सामना जिंकलो. कपडे बदलायच्या खोलीत घामाचा आंबट वास, आरडाओरडा, आणि त्यात एक बाटली निघाली. कप्तान पाण्याच्या बाटलीच्या झाकणात ओतून एकेकाच्या हातात देत होता. मला नको होती. पण संघात सगळ्यांत लहान मीच, नाही म्हणायची छाती झाली नाही. पहिला घोट मला टवाळ पोरांनी नाही, माझ्याच संघानं पाजला. (आईला हे आजवर बोललेलो नाही. आता कळेलच.)

संशोधनातही साधारण असंच चित्र दिसतं. सांघिक खेळ खेळणारी मुलं ड्रग्जकडे कमी वळतात, दारू मात्र बऱ्याचदा इतरांपेक्षा जास्त पितात. आणि मॅराडोनापेक्षा मोठा खेळाडू कुठून आणायचा? १९९१ मध्ये कोकेनपायी त्याच्यावर १५ महिन्यांची बंदी आली होती.

आइसलँडचं उदाहरण सगळे देतात. तिथं १९९८ मध्ये पंधरा-सोळा वर्षांची ४२ टक्के मुलं मागच्या महिन्यात कधी ना कधी दारूनं झिंगलेली होती. २०१६ मध्ये ५ टक्के. गांजा ओढून पाहिलेली १७ वरून ७ टक्क्यांवर आली. लोक म्हणतात, खेळामुळे. खेळ होताच, क्लबच्या फीसाठी सरकारी पैसाही मिळायचा. पण सोबत मुलांनी रात्री उशिरा बाहेर भटकायचं नाही असा नियम होता, आणि आईबापांना मुलांसोबत जास्त वेळ घालवायला सांगितलं होतं. हा शेवटचा भाग आम्ही आईबाप सोयीनं विसरतो. मीही विसरलो. तुला मैदानावर सोडलं की माझं काम संपलं, असंच धरून चाललो होतो.

आता गुडघ्यामुळे तू सहा आठवडे घरी. दाराशी तुझे बूट पडलेत, तळव्यातला चिखल वाळून त्याच्या खपल्या निघतायत. मला काळजी गुडघ्याची कमी, रिकाम्या संध्याकाळची जास्त. आणि त्या ट्रॅमाडॉलची. ती अफूच्याच जातकुळीतली गोळी आहे, तिचीही सवय लागते. पाकिटात चार उरल्या होत्या, त्या मी माझ्याकडे ठेवल्यात. तुझ्यावर अविश्वास म्हणून नाही. दुखलं तर मला सांग, डॉक्टरांना विचारू.

सामना संपल्यावर तुमच्यात काय काय फिरतं, तेही कधीतरी सांग. ओरडणार नाही. झाकणाची गोष्ट सांगून बसलोय, ओरडणार कुठल्या तोंडानं?

सोमवारपासून सहाला घरी येतोय. माळ्यावरून बुद्धिबळाचा पट काढलाय. दोन प्यादी हरवलीत, त्यांच्या जागी शर्टाची बटणं ठेवू.

तुझा,
बाबा