गावाला दहा किलोमीटर, बंदरातल्या पेटीला किती?

माननीय केंद्रीय पशुसंवर्धन मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यात माझं दोन हजार पक्ष्यांचं शेड आहे आणि चार एकर सोयाबीन-तूर. कंपनीचा करार नाही. पिल्लं रोखीनं आणतो, खाद्य उधारीवर, आणि गादीसाठी तूस भंडाऱ्याकडच्या राईस मिलमधून. म्हणजे लॉट बुडाला तर माझाच बुडतो. बर्ड फ्लूची साथ आलेल्या देशांतून येणाऱ्या मांसाबद्दल लिहायचं आहे, पण सुरुवात माझ्या शेडपासून करतो, कारण या विषयात मीही धुतल्या तांदळासारखा नाही.

जानेवारी २०२१. परभणीच्या मुरुंब्यात शेकड्यांनी कोंबड्या मेल्याची बातमी गावात पोचली होती. माझा लॉट एकतीस दिवसांचा. एका सकाळी शेडचा पडदा वर केला तर चौदा पक्षी पडलेले. दुसऱ्या दिवशी बावीस. काहींचा तुरा निळा, एकाची मान मुरडून पाठीला लागलेली, तरी तो चोच उघडून श्वास ओढत होता. शेजारी म्हणाला, "गाडून टाक अन् गप बस. सांगशील तर पुरा लॉट जाईन, अन् मेलेल्याचे पैसे कोणी देत नाही." दोन दिवस मी तेच केलं. धुऱ्याजवळ खड्डा, वर चुना. तिसऱ्या दिवशी रात्रभर झोप आली नाही तेव्हा पशुधन पर्यवेक्षकांना फोन लावला. नमुने पुण्याच्या प्रयोगशाळेत गेले, तिथून भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत. अहवाल येईपर्यंत व्यापाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. अखेर निघाली राणीखेत, म्हणजे बर्ड फ्लू नव्हे, कोंबड्यांचा दुसराच रोग. लॉट मात्र तोवर निम्मा झाला होता.

शेजारी खोटं बोलत नव्हता. सरकार पक्षी मारतं त्याचा मोबदला मिळतो, केंद्र आणि राज्य मिळून अर्धा-अर्धा. त्या वर्षी मोठ्या ब्रॉयलरला ७० रुपये होता. पण आपोआप मेलेल्या पक्ष्याला शून्य. म्हणजे खबर दिली तरी अहवाल येईपर्यंत जे मरतील त्यांचं काहीच मिळत नाही, आणि पुरा लॉट जाण्याची भीती वेगळी. मग सांगायचं कशाला, असं माणूस म्हणणारच. रोग एका शेडमधून दुसऱ्यात जातो तो या गणितातून.

आता आयातीचं. आमच्याकडे रोग निघाला की एक किलोमीटरच्या आतले पक्षी मारायचे आणि दहा किलोमीटरवर नजर ठेवायची, हा आपला आराखडा. त्याचवेळी परदेशाला आपला नियम वेगळा होता : त्या देशात कुठंही रोग निघाला तरी अख्ख्या देशाचं मांस बंद. अमेरिकेनं २०१२ साली जागतिक व्यापार संघटनेत यावर तक्रार केली, २०१४ मध्ये निकाल आपल्या विरोधात गेला आणि २०१५ मध्ये अपिलातही आपण हरलो. घरात दहा किलोमीटर आणि बाहेर अख्खा देश, हा भेद त्यात मुख्य होता. खरं सांगायचं तर निकाल वाचून मला राग यायला हवा होता. आला नाही. ज्या मापानं मला मोजता त्याच मापानं त्यांना मोजा, एवढंच ते म्हणत होते.

पण माप सारखं म्हणजे दार सताड उघडं असं नव्हे. २०२३ मध्ये उभय देशांनी तो वाद मिटवला तेव्हा गोठवलेल्या टर्की आणि बदकाच्या मांसावरचं शुल्क आपण उतरवलं. कोंबडीच्या तंगड्यांवर मात्र १०० टक्के आहे. तिथले लोक छातीचं मांस खातात, तंगड्या उरतात आणि त्या कुठंतरी खपवायच्या असतात, ही गोष्ट आमच्या बाजारातल्या पोरालाही कळते. शुल्काचा विषय वाटाघाटीचा आहे, रोगाचा नाही. दोन्ही एकाच पोत्यात भरू नका, नाहीतर पुढच्या खटल्यात पुन्हा हरू.

रोगाचं म्हणाल तर विषाणू थंडीत मरत नाही. २००१ मध्ये चीनहून दक्षिण कोरियात गेलेल्या गोठवलेल्या बदकाच्या मांसात एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू, सापडला होता. ७० अंशांपर्यंत नीट शिजवलं की तो मरतो. म्हणून खाणाऱ्याला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते धुतलेल्या पाण्याचं, उकिरड्यावर फेकलेल्या आतड्यांचं आणि त्यावर चोच मारणाऱ्या कावळ्याचं.

शहामृगाचं उदाहरण यासाठी उपयोगी आहे. दक्षिण आफ्रिकेत ऑट्सहोर्न भागात २०११ साली शहामृगांमध्ये एच५एन२ हा बर्ड फ्लूचाच दुसरा प्रकार निघाला आणि युरोपीय संघानं तिथलं कच्चं मांस बंद केलं. पुढं उष्णता देऊन शिजवलेलं मांस घेतलं. कॅनडात ब्रिटिश कोलंबियात तीनशेच्या वर शहामृग कोर्टकचेरी संपल्यावर २०२५ च्या नोव्हेंबरात गोळ्या घालून मारले गेले. आपल्याकडे शहामृगाचं मांस कोण मागवतं, असं विचाराल. मीही विचारलं असतं. पण पंधराएक वर्षांपूर्वी आमच्या भागात कित्येकांनी इमू पाळले, अंड्याचे नि तेलाचे भाव ऐकून. घेणारा कोणी भेटला नाही तेव्हा इमू रानात सोडून दिले. लोक त्यांना शहामृगच म्हणायचे. त्यामुळे कुठला पक्षी कुठल्या दारानं देशात येतो आणि मागं कोण निस्तरतं हे आम्ही पाहिलेलं आहे.

ब्राझील घ्या. कोंबडीचा जगातला सगळ्यात मोठा निर्यातदार. मे २०२५ मध्ये तिथं व्यावसायिक शेडमध्ये पहिल्यांदा रोग निघाला. चीननं अख्ख्या देशाचा माल थांबवला, जपाननं फक्त बाधित भागाचा. आपण जपानसारखं करावं, आणि आदेश त्याच दिवशी निघावा. बाधित भागातून कच्चं मांस नको. शिजवलेलं हवं तर येऊ द्या, पण उष्णता किती अंश आणि किती वेळ दिली याचा दाखला पेटीबरोबर हवा, आणि बंदरात नमुना काढणारा माणूसही.

माझं मुख्य मागणं मात्र घरातलं आहे. खबर दिलेल्या तासापासून पुढं मेलेल्या प्रत्येक पक्ष्याचा मोबदला द्या. दुसरं, चाचणी. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ नं गेले, बाधित चिकन खाल्ल्याचा संशय होता, आणि खात्रीचा अहवाल भोपाळहून यायला जानेवारी उजाडला. नागपुरात पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. प्राथमिक निदान तिथं का होऊ नये? वाघाची ही गत, तर कोंबडीला कोण विचारतो.

सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामाला क्विंटलमागं ५,३२८ रुपये जाहीर झाला होता. आमचं सोयाबीन तेल काढून पेंड होतं आणि ती पेंड कोंबडी खाते. बाहेरून स्वस्त तंगड्या आल्या तर पहिला फटका कोंबडीवाल्याला, दुसरा त्याच्याच चार एकराला. माझ्या बाबतीत दोन्ही माणसं एकच आहेत.

पुढचा लॉट येत्या महिन्यात टाकणार आहे. आपण विदर्भात आलात तर शेड पाहायला जरूर या. दाराशी चुन्याचा ट्रे ठेवलेला असतो, बूट त्यात बुडवूनच आत यावं लागतं. मंत्र्यांनाही.

आपला,
एक कुक्कुटपालक
ता. आर्वी, जि. वर्धा