लागोपाठ दोनदा फोन करा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका. येत्या सोमवारी युगांडाला निघतोय, एवढीच बातमी आहे आणि ती तुम्हाला माहीतच आहे. पण फोनवर पुढचं काही सांगायला गेलो की बाबा "हां हां, कळलं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. आई लगेच "तिकडं डबा कोण देतं?" यावर येते. म्हणून सगळं कागदावर लिहून काकांच्या हाती पाठवतोय. वाचून झालं की कपाटाला आतल्या बाजूने चिकटवा. बाहेरून नको, येणारेजाणारे वाचत बसतात.

काम नेहमीचंच, साखर कारखान्याची मशिनरी बसवून चालू करून द्यायची. जागा जिंजा गावाजवळ. व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल बाहेर पडते ती तिथंच. बाबा, नकाशात बघा, विषुववृत्ताला अगदी खेटून आहे. आपल्याकडं दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्यात गाळप थांबतं, तसं तिथं नसतं. ऊस जवळजवळ वर्षभर तुटतो. त्यामुळे मला रात्रपाळी येणार, आणि पाळीवर असताना फोन लॉकरमध्ये राहणार. गाळप चालू असताना मिलजवळ उभं राहिलं तर शेजारच्या माणसाचं ऐकू येत नाही, तिथं रिंग काय ऐकू येणार?

आता व्हॉट्सॲपवरच्या त्या टिकांचं. बाबा, एक टिक म्हणजे मेसेज तुमच्या फोनवरून निघाला, पण माझ्या फोनपर्यंत पोचला नाही. दोन टिक म्हणजे पोचला, निळ्या झाल्या म्हणजे वाचला. मुंबई ते दुबई तीनेक तास आणि दुबईहून पुढे पाचेक तास फोन फ्लाइट मोडवर असेल, तेव्हा एकच टिक दिसेल. त्यावरून विमानाचं काय झालं असेल ते शोधायला टीव्ही लावू नका. दुबईत उतरल्यावर मेसेज करीन. मात्र तिथं व्हॉट्सॲपवरून मेसेज आणि फोटो जातात, कॉल लागत नाही. त्या देशाचा नियमच तसा आहे, आपला रिचार्ज संपलेला नसतो.

आणि 'लास्ट सीन' बघून "रात्री दोनला जागा होतास" असं विचारणं आता पुरे. तुमच्या फोनवर दिसते ती तुमच्या घड्याळाची वेळ. युगांडा आपल्यामागे अडीच तास आहे. तुमचे दोन म्हणजे माझे साडेअकरा, आणि साडेअकराला माणूस जागा असू शकतो. दिवसपाळी असेल तेव्हा तुमच्या रात्री नऊला बोलू, माझे साडेसहा झालेले असतात. बाबा पहाटे पाचला उठून सुविचार पाठवतात तेव्हा माझ्याकडे अडीच वाजलेले असतील. पाठवा, माझी ना नाही. सकाळी वाचीन.

नंबर दोन असतील. आपला नेहमीचा नंबर चालूच ठेवतोय, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. व्हॉट्सॲपही त्याच नंबरावर राहील, तिथं काही बदलायचं नाही. दुसरं सिम तिथं गेल्यावर घेईन. पासपोर्ट दाखवून नोंदणी करावी लागते, म्हणून पहिल्या दिवशीच मिळेल असं नाही. तो नंबर +२५६ ने सुरू होईल. आई, अधिकचं चिन्ह शून्याची कळ दाबून धरली की येतं. बाबा विचारणारच म्हणून आधीच सांगतो: हो, एअरटेल तिथंही आहे. आफ्रिकेतलं जाळं त्यांनी २०१० मध्येच विकत घेतलं. पण कंपनी तीच म्हणून सांगलीहून केलेला फोन लोकल होत नाही.

खर्चाचा हिशेब एकदा नीट समजून घ्या, कारण तुम्ही दर वेळी उलटा लावता. माझ्या नेहमीच्या नंबरावर फोन केलात तर तुम्हाला तो पुण्याला केल्यासारखाच पडतो. परदेशातलं रोमिंग माझ्या खात्यातून जातं, आणि त्याचं पॅक मी घेतलंय. म्हणजे अडचणीच्या वेळी नवीन काही शिकायचं नाही, कोड लावायचा नाही. पाठ असलेला नंबर फिरवा, आणि नाही उचलला तर लगेच पुन्हा फिरवा. माझा फोन रात्री गप्प असतो, पण एकाच नंबरावरून लागोपाठ दोनदा साधा फोन आला की वाजतो, असं सेटिंग करून ठेवलंय. दोनदा रिंग म्हणजे तातडीचं, हे आपल्यात ठरलं. पाळीवर असलो तर लॉकर उघडल्या उघडल्या मिस्ड कॉल बघीन. आईने मात्र खिचडीत किती पाणी घालायचं हे सांगायला दोनदा फोन करू नये.

तो नंबर लागलाच नाही तर +२५६ वाला लावा. त्यासाठी बाबांच्या फोनवर परदेशी कॉलची सोय सुरू करावी लागेल, काका करून देतील. साधा फोन म्हणतोय कारण इंटरनेटचा तिथं भरवसा नाही. मे २०२४ मध्ये समुद्राखालच्या केबल तुटल्या तेव्हा पूर्व आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांचं नेट ढेपाळलं होतं. युगांडात तर २०२१ च्या जानेवारीत निवडणुकीसाठी सरकारनेच सगळ्या देशाचं नेट काही दिवस बंद ठेवलं. असं काही झालं तर व्हॉट्सॲप गप्प होईल, फोन आणि एसएमएस चालतील. टीव्हीवर देशाचं नाव ऐकलं म्हणून उपास धरू नका, आधी फोन लावून बघा.

इथवर सोपं होतं. आता जे तोंडावर बोलवत नाही ते लिहितो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत महापूर आला तेव्हा मी केनियात होतो. बाबा फोनवर म्हणाले, "पाणी लांब आहे, तू कामाचं बघ." त्याच वेळी मी मोबाइलवर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी बघत होतो. धोक्याची पातळी ४५ फूट, आणि आकडा ५७ च्या वर गेलेला. नदीकाठच्या गावभागात वाढलेल्या पोराला हे सांगता? तुम्ही तेव्हा विश्रामबागेत मावशीच्या माळ्यावर होतात, हे मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. मग गेल्या खेपेला आई न्हाणीघरात घसरली. मिरजेला नेऊन प्लास्टर घातलं, ते निघालंसुद्धा, आणि मला त्यानंतर समजलं. व्हिडिओ कॉलवर आई उजवा हात पदराखाली घेऊन बसायची. मला वाटायचं, थंडी वाजत असेल.

पूर्वी ट्रंक कॉल लागत नसत म्हणून घरचं कळायचं नाही. आता फोन लागतो, चेहरा दिसतो, आणि तरी कळत नाही. तुम्हाला वाटतं मी काळजीत पडू नये. झालंय असं, की 'सगळं ठीक' या शब्दांवर माझा विश्वासच उरलेला नाही. खरंच ठीक असतं त्या दिवशीही मी काकांना गुपचूप फोन करून खात्री करून घेतो. मी त्याच दिवशी येऊ शकणार नाही, कबूल. पण डॉक्टरांशी बोलू शकतो, पैसे पाठवू शकतो, ताईला कोल्हापूरहून बोलावू शकतो. मला कळवलं तर. तुमच्या मेसेजला उत्तर द्यायला उशीर झाला की कारण मी सांगतो, तसं तुम्हीही सांगा.

शेवटचं, तेवढंच महत्त्वाचं. "तुमचा मुलगा परदेशात पकडला गेलाय, पैसे भरा" असे फोन हल्ली येतात. पोलिसाचा गणवेश घालून व्हिडिओ कॉल करतात, मुलाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल ऐकवतात. फोन लगेच ठेवा आणि मला दोनदा रिंग द्या. माझ्याच आवाजात कोणी पैसे मागितले तर आईने एक प्रश्न विचारायचा. कोणता, ते काकांना सांगितलंय, इथं लिहीत नाही. उत्तर चुकलं तर एक रुपया द्यायचा नाही, मी रडत असलो तरी. आणि पैसे गेलेच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. तासभर वाया गेला तर पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

रविवारी रात्री महालक्ष्मीने निघणार नाही, पुण्याहूनच गाडीने मुंबईला जातोय, त्यामुळे मिरज स्टेशनवर भडंग घेऊन येऊ नका. काकांकडे द्या. आणि आईच्या बीपीचे या आठवड्याचे आकडे वहीतल्या पानाचा फोटो काढून पाठवा. बाबांनी तोंडी सांगितलेले नकोत.

तुमचा,
बाळू