शाळेच्या समुपदेशक ताईंना, आमच्या शॉर्टफिल्मच्या निमित्ताने

ताई, सप्रेम नमस्कार.

कुमारवयीन मुलांच्या मानसिक आरोग्यावरची आमची शॉर्टफिल्म पूर्ण झाली. तुमचे आभार फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखे नाहीत, म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. मुंबईत कितीतरी विद्यार्थी या विषयावर कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणून फिल्म करतात. कॅमेरा, लेन्स, लाइट यांबद्दल सांगणारे त्यांना भरपूर भेटतात. पटकथा हातात घेऊन ‘हे बघून आठवीतल्या मुलीला घरी गेल्यावर काय वाटेल?’ असं विचारणारं माणूस मात्र क्वचित भेटतं. शाळेचं काम सांभाळून तुम्ही ते केलंत. तुमचा सल्ला आमच्यापुरता राहू नये असं मनापासून वाटतं.

या विषयावरच्या बहुतेक पटकथांत त्रासाला पानंच्या पानं मिळतात आणि मदत एका ओळीत संपते: ‘तो समुपदेशकांकडे जातो. काही आठवड्यांनंतर.’ आमच्या मसुद्यातल्या अशाच ओळीभोवती तुम्ही पेन्सिलने गोल केलात आणि म्हणालात, फिल्म इथे आहे, या ओळीचा पूर्ण प्रसंग लिहा. त्यामागचं कारणही सांगितलंत. आत्महत्येच्या बातम्या ठळकपणे छापल्या की पाठोपाठ तसे मृत्यू वाढतात, हे डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्ये दाखवलं. पुढे २०१० मध्ये व्हिएन्नाच्या थॉमस निडरक्रोटेनथालर आणि सहकाऱ्यांना उलट बाजूही सापडली: कठीण काळातून माणूस कसा सावरला हे सांगणाऱ्या बातम्यांनंतर असे मृत्यू कमी झालेले दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये नाटक-सिनेमावाल्यांसाठी काढलेली मार्गदर्शिका तुम्ही आम्हाला वाचायला लावलीत. तिच्यातल्या ‘काय टाळावं’ या भागाइतकाच ‘काय दाखवावं’ हा भागही महत्त्वाचा आहे, आणि आमच्यासारखे नवखे नेमका तोच सोडून देतात.

म्हणून हेल्पलाइनला फोन करण्याचा प्रसंग पूर्ण लिहिला. टेलि-मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही. फोन लागला की आधी भाषा निवडायची, मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, आणि गरज वाटली तर पुढे मनोविकारतज्ज्ञांकडे किंवा जवळच्या सेवेकडे जोडून देतात. एडिट करणाऱ्याचा हात इथे कापाकापीसाठी शिवशिवतो. रेकॉर्ड केलेला आवाज, बटण दाबणं, वाट बघणं, सगळं कंटाळवाणं वाटतं. तुम्ही ते कापू दिलं नाहीत. मुलं फोन ठेवून देतात ती नेमकी याच टप्प्यावर, कारण पलीकडे कोण असेल, नाव विचारेल का, घरी कळवेल का, याचा अंदाज नसतो. पडद्यावर एकदा तो टप्पा पार होताना बघितला की त्यातली अनोळखी भीती कमी होते.

मग तुमचा खास मुंबईचा प्रश्न आला: हा मुलगा फोन करणार कुठून? दहा बाय बाराची खोली, घरात आई, आजी, धाकटी बहीण, बाहेर गॅलरीत शेजारी. एकांत हीच इथली सर्वांत दुर्मीळ गोष्ट. त्या प्रश्नामुळे आख्खा प्रसंग बदलला. मुलगा महापालिकेच्या बागेतल्या बाकावर बसतो, इअरफोन लावतो आणि सुरुवातीलाच सांगतो की आजूबाजूला माणसं आहेत, मोकळेपणाने बोलता येत नाही. मग पलीकडून हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न येतात. बघणाऱ्या मुलाला हे वाक्य जसंच्या तसं वापरता येईल, असं तुम्ही म्हणालात. इतकं कामाचं वाक्य आख्ख्या पटकथेत दुसरं नाही.

जागांबद्दल तुम्ही फार ठाम होतात, आणि ते योग्यच होतं. मुंबईत उदास मुलगा दाखवायचा म्हटलं की कॅमेरा आपोआप फलाटाच्या कडेला, लोकलच्या दारात, गच्चीच्या कठड्यापाशी जातो. दृश्य देखणं असतं, म्हणूनच ते धोक्याचं. जागा आणि मार्ग मनात ठसवण्याचं काम ते नकळत करतं. रेल्वेच्या हद्दीत शूटिंगला परवानगी लागते हा वेगळा मुद्दा. परवानगी मिळाली तरी ती फ्रेम या विषयाला नको, हे तुमचं म्हणणं प्रत्येक विद्यार्थी दिग्दर्शकाने लिहून ठेवावं. चिठ्ठी, हाताचे व्रण, गोळ्यांची पाकिटं यांचे क्लोजअपही याच कारणाने नकोत.

समुपदेशनाची खोली तर तुम्हीच मांडून दाखवलीत. खुर्च्या समोरासमोर नाहीत, किंचित तिरक्या, म्हणजे मुलाला नजर खाली किंवा खिडकीकडे नेता येते. मध्ये टेबल नाही. घड्याळ अशा जागी की समुपदेशकाला मान न वळवता दिसावं. दाराला काचेचा तुकडा, आतलं दिसावं पण ऐकू जाऊ नये. या तिरक्या मांडणीमुळे शॉटही सुधारतात: कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला की तो लहान, दबलेला दिसत नाही. पहिल्याच भेटीतलं गोपनीयतेचं वाक्य तुम्ही शब्दशः लिहून दिलंत, अपवादासकट: तू सांगशील ते माझ्यापाशी राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला मोठ्या माणसांना सांगावं लागेल, आणि ते मी तुला सांगूनच करेन. सिनेमात हा अपवाद गाळला जातो. मग प्रत्यक्षात समुपदेशकाने पालकांना बोलावलं की मुलाला तो विश्वासघात वाटतो.

माणसांची गल्लतही तुम्ही निस्तरलीत. शाळेच्या समुपदेशक औषध लिहून देत नाहीत. औषधं मनोविकारतज्ज्ञ देतात, ते डॉक्टर असतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि मानसोपचार करतात. नैराश्यावरच्या औषधांचा परिणाम जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. म्हणजे रात्री गोळी आणि सकाळी हसरा चेहरा असं जोडून दाखवणं खोटं आहे. ते बघून आठवड्याभरात ‘मला काहीच फरक पडत नाही’ म्हणत औषध सोडणारं मूल तयार होतं.

लक्षणांच्या बाबतीत निळसर रंगछटा, काचेवरचा पाऊस आणि फुटका आरसा तुम्ही पहिल्याच बैठकीत बाजूला काढलात. या वयातलं नैराश्य पुष्कळदा दुःखापेक्षा चिडचिडीच्या रूपाने दिसतं. झोपेची वेळ बिघडते, पोट किंवा डोकं दुखतं, आवडीचा खेळ सुटतो, आणि हे दोन आठवडे किंवा अधिक टिकतं. तेच मूल मित्रांच्या ग्रुपवर विनोदही पाठवत असतं. ‘मार्क कमी पडले म्हणून’ असं एकच कारण कधीच द्यायचं नाही, आणि आईवडिलांना खलनायक करायचं नाही, कारण पुढे मदतीच्या रांगेत त्यांनाच मुलाशेजारी बसायचं असतं. पॅनिक अटॅक काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि ओसरतो. हे ओसरणं दाखवणं गरजेचं. हलता कॅमेरा, हृदयाचे ठोके आणि कानात घुमणारी शिट्टी हा मसाला प्रेक्षकात बसलेल्या मुलालाच घाबरवतो. आम्ही कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला, ठोक्यांचा आवाज काढला, आणि शेजारची मैत्रीण हळू श्वास सोडायला सांगते तो भाग लांबवला.

खऱ्या मुलांशी बोलताना पाळायच्या गोष्टी तुमच्याशिवाय कळल्याच नसत्या. सध्या त्रासात किंवा उपचारात असलेल्या मुलाची मुलाखत घ्यायची नाही. त्यातून सावरलेल्या, अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांशी बोलायचं. अल्पवयीन कुणी असेलच तर पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही. शूटिंग, शाळेतलं प्रदर्शन आणि इंटरनेट यांची संमती वेगवेगळ्या ओळींवर, आणि पिक्चर लॉकच्या, म्हणजे एडिट कायम होण्याच्या, तारखेपर्यंत माघार घेण्याची मुभा. बोलायला बसण्याआधीच मुलाला सांगायचं की लैंगिक अत्याचाराबद्दल काही कळलं तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ते कळवणं आम्हाला बंधनकारक आहे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करता येत नाही, आणि ओळख म्हणजे फक्त चेहरा नव्हे. शाळेचा बॅज, सोसायटीची पाटी, खिडकीतून दिसणारा टॉवर, मनगटातला दोरा, यातलं काहीही पुरेसं असतं. आवाजाची पट्टी बदलून भागत नाही, कारण ती उलट फिरवता येते. बोललेलं लिहून काढायचं आणि दुसऱ्याकडून म्हणवून घ्यायचं.

मुलाखतीत पंखा बंद करू नका, हाही तुमचाच आग्रह. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला तो नको असतो, पण मे महिन्यातल्या बंद खोलीत घामाघूम झालेल्या मुलाला चौकशीला बसवल्यासारखं वाटतं. उपाय निघाला: पंखा सर्वांत कमी वेगावर, कपड्याला अडकवायचा लेपल माईक हनुवटीपासून वीतभर खाली, आणि शेवटी त्याच वेगावर एक मिनिटाचा रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज.

बालकलाकारांसाठीचा नियम, म्हणजे दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही आणि सलग तीन तासांनंतर विश्रांती, हा कायद्याने चौदा वर्षांखालच्यांना लागू आहे. जड प्रसंग करणाऱ्या सोळा वर्षांच्या नटालाही तो लावायला तुम्ही सांगितलंत. असा प्रसंग दिवसाच्या शेवटी ठेवायचा नाही, कारण मग मूल तोच भार घेऊन घरी जातं. दोन-तीन टेक, मग कपडे बदलायचे, स्वतःच्या नावाने हाक मारून घ्यायची, काहीतरी खायचं, आणि त्यानंतर त्याच कलाकाराचा एखादा हलका सीन. वेळापत्रक लिहिणाऱ्या सहायक दिग्दर्शकाने हे आधीच मांडलं तर खर्च एका पैशाने वाढत नाही.

प्रदर्शनाच्या सूचना मात्र आम्हाला सर्वांत मौल्यवान वाटतात, कारण त्या कुठल्याच फिल्म कोर्समध्ये मिळत नाहीत. शुक्रवारी किंवा शेवटच्या तासाला फिल्म दाखवायची नाही. काही ढवळलं गेलं तर पुढचे दोन दिवस मुलाजवळ शाळेतलं कुणी नसतं. आठवड्याच्या सुरुवातीला, सकाळी, समुपदेशक दिवसभर हजर असताना दाखवायची. परीक्षेच्या तोंडावर तर नाहीच. खोली पूर्ण काळोखी करायची नाही, दार उघडं, आणि मध्येच उठून जायला कुणालाही विचारावं लागणार नाही हे आधी सांगायचं. संपल्याबरोबर ‘कुणाला काही प्रश्न?’ असं विचारायचं नाही. पाच मिनिटं पाणी प्यायला द्यायची, मग प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी. प्रश्न नसेल त्यानेही आवडलेल्या प्रसंगाबद्दल दोन ओळी लिहायच्या, म्हणजे ज्याला खरोखर काही लिहायचंय तो एकटा लिहिताना दिसत नाही. चिठ्ठ्या समुपदेशकांनीच गोळा करायच्या, वर्गशिक्षकांनी नाही.

१४४१६ आणि मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हे दोन्ही नंबर शेवटच्या पाटीवर दहा सेकंद स्थिर ठेवले आहेत, मोठ्या अक्षरात, सरकत्या श्रेयनामावलीत नाहीत. फिल्मच्या मध्यावर ते शाळेच्या सूचनाफलकावरही दिसतात. पिक्चर लॉकच्या आधी दोन्ही लावून बघितले आहेत. यूट्यूबसाठी रडक्या चेहऱ्याचं थंबनेल तुम्ही नको म्हणालात, तिथे बागेतला बाक आणि इअरफोन घेतला आहे, आणि कमेंट बंद ठेवल्या आहेत.

तुमच्यासाठी पेनड्राइव्ह शाळेच्या कार्यालयात ठेवला आहे. त्यात मराठीसोबत हिंदी आणि उर्दू सबटायटलच्या प्रती आहेत. सबटायटल चित्रावरच छापली आहेत, कारण शाळांच्या जुन्या लॅपटॉपवर वेगळी फाइल पुष्कळदा उघडत नाही. चिठ्ठ्यांचा छापायचा नमुना आणि प्रदर्शनाआधी शिक्षकांना द्यायचं एक पान त्याच फोल्डरमध्ये आहे. दोन्हींवर तुमच्या दुरुस्त्या हव्यात. त्या आल्या की इतर शाळांना पाठवायच्या प्रती काढू.

तुमचे ऋणी,
शॉर्टफिल्मची विद्यार्थी मंडळी, मुंबई