लाटणे हातात आले आणि…

संपादक महोदय,

सकारात्मक विचार म्हणजे कोरडा धीर, असे मला वाटायचे. गेल्या वर्षी आईला अर्धांगवायूचा झटका आला. ‘आता माझं काही खरं नाही’ म्हणत ती व्यायाम टाळायची. फिजिओथेरपीच्या ताईंनी एकदा तिच्या उजव्या हातात लाटणेच दिले. पोळी नकाशासारखी झाली, पण त्या दिवसापासून आई आपणहून हात हलवू लागली. सततच्या सरावाने मेंदूत नवे जोड तयार होतात, गमावलेल्या हालचाली काही अंशी परत येतात. औषधे हवीतच, पण सरावाला बसवतो तो विश्वास. म्हणून कळकळीची विनंती : आजाऱ्याच्या उशाशी बसून ‘आता कसं व्हायचं!’ असे उसासे टाकू नका. परवा आईने तुळशीला पाणी घातले. तांब्या उजव्या हातात होता.

– एक वाचक, सातारा